निस्तेज आणि खराब झालेल्या केसांना पुन्हा चमक कशी आणावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंग, ब्लीच, स्ट्रेटनर, ऊन किंवा निव्वळ रोजची घासाघीस यांमुळे केस राठ आणि निस्तेज झाले की माणूस जाहिरातीत दिसेल ते उत्पादन आणून लावून पाहतो. त्यातील काही उपयोगी पडते, बरेचसे पडत नाही, आणि काहींमुळे नुकसान वाढते. कोणता उपाय कशासाठी आहे हे कळायचे असेल, तर केसाला नेमके काय झाले आहे हे आधी समजून घ्यावे लागते. पुढील उत्तरे त्या क्रमाने दिली आहेत.

केसांची चमक येते कशामुळे आणि जाते कशामुळे?

केसाच्या बाहेरील आवरणाला क्युटिकल म्हणतात. घराच्या छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक चढलेल्या अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्र्यांचे ते बनलेले असते आणि माणसाच्या केसात या पापुद्र्यांचे साधारण ५ ते १० थर असतात. पापुद्रे सपाट बसलेले असले की त्यांवर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि केस चमकदार दिसतो. त्यांच्या कडा उचलल्या गेल्या, झिजल्या किंवा तुटल्या की तोच प्रकाश चहूकडे विखुरतो आणि केस मंद दिसू लागतो. म्हणजेच चमक हा मुख्यतः पृष्ठभागाचा गुण आहे.

या पृष्ठभागावर निसर्गतःच एक मेदाचा थर घट्ट जोडलेला असतो. १८-एमईए या नावाने ओळखले जाणारे मेदाम्ल हा त्याचा प्रमुख घटक आहे. या थरामुळे निरोगी केसावर पाणी सहज पसरत नाही आणि एक केस दुसऱ्यावरून अलगद घसरतो. ब्लीच आणि तीव्र अल्कधर्मी रसायने हा थर काढून टाकतात. त्यानंतर केस पाणी पटकन शोषतो, एकमेकांत अडकतो, विंचरताना जास्त घासला जातो आणि त्या घर्षणाने उरलेले पापुद्रेही निघू लागतात. एकदा केस खराब झाले की ते अधिकाधिक खराब होत जातात, अशी तक्रार अनेकजण करतात, त्यामागे हेच चक्र असते.

खराब झालेला केस पूर्ववत होऊ शकतो का?

याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर नाही. त्वचेबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशी नसतात. त्यामुळे त्वचेवरील जखम भरते तसा तुटलेला पापुद्रा पुन्हा उगवत नाही. झिजलेला पृष्ठभाग गुळगुळीत करणे, घर्षण कमी करणे आणि पुढील झीज थांबवणे एवढे मात्र आपल्या हातात असते, आणि त्याने दिसण्यात पडणारा फरक लहानसहान नसतो. दुसरीकडे, मुळातून येणारा नवा केस चांगलाच येत असतो. म्हणून काम दोन पातळ्यांवर चालते. आहे त्या केसाला आवरण द्यायचे आणि नव्या केसावर तीच वेळ येऊ द्यायची नाही. ‘मुळापासून टोकापर्यंत कायमची दुरुस्ती’ असे जे उत्पादन सांगते, त्याच्यावर या एका कारणासाठी विश्वास ठेवू नये.

माझे केस खराब झाले आहेत की त्यांच्यावर केवळ काही साचले आहे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, पण खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. कारण निस्तेजपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो आणि दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध आहेत.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर ते केसांवर बसतात. स्टायलिंग जेल, स्प्रे, ड्राय शाम्पू आणि तेल यांचेही थर साचतात. असे केस मुळांपासून टोकांपर्यंत सारखेच मंद आणि जडसर लागतात, धुतल्यावरही हलके वाटत नाहीत आणि नेहमीचे कंडिशनर अचानक निरुपयोगी झाल्यासारखे वाटते. क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेले थर काढणाऱ्या शाम्पूने एकदा नीट धुतल्यावर चमक परत आली, तर प्रश्न साठ्याचा होता असे समजावे. क्षारांसाठी मात्र ईडीटीएसारखे धातूंना बांधून ठेवणारे घटक असलेला, कीलेटिंग प्रकारचा शाम्पू अधिक उपयोगी पडतो. असा शाम्पू महिन्यातून एकदोनदाच वापरावा आणि त्यानंतर कंडिशनर अवश्य लावावे.

नुकसान झालेले केस याहून वेगळे वागतात. मुळांजवळ ते बरे असतात आणि टोकांकडे राठ होत जातात. बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे हलकेच सरकवले की खरखरीत लागतात. ओला केस ओढल्यावर लोंबल्यासारखा ताणला जाऊन तुटत असेल, तर इजा आतील प्रथिनांपर्यंत पोहोचली आहे. पेल्यातील पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची चाचणी बरीच लोकप्रिय आहे, परंतु केसावरील तेल किंवा हवेचा बुडबुडादेखील निकाल बदलतो. तिच्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

शाम्पू कोणता वापरावा आणि केस किती वेळा धुवावेत?

शाम्पू टाळूसाठी असतो, केसाच्या लांबीसाठी नव्हे. तो टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळावा आणि धुताना खाली उतरणाऱ्या फेसाने लांबीची पुरेशी स्वच्छता होते. लांब केस डोक्यावर गोळा करून घासण्याची सवय असेल, तर ती आधी सोडावी.

केसाच्या पृष्ठभागावर मुळातच ऋण विद्युतभार असतो आणि धुण्याचे द्रावण जितके अल्कधर्मी, तितका तो वाढतो. त्यामुळे केस एकमेकांना दूर ढकलतात, भुरभुरतात आणि घर्षण वाढते. सौम्य आम्लधर्मी, म्हणजे सुमारे ५.५ किंवा त्याहून कमी पीएचचा शाम्पू खराब केसांना मानवतो. अंगाचा साबण सहसा ९ ते १० पीएचचा असतो आणि जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. तो केसांना लावू नये. किती वेळा धुवावे याला सर्वांसाठी एकच नियम नाही. टाळू तेलकट असेल तर वारंवार धुण्यात काही गैर नाही, आणि टाळू कोरडी व केस कुरळे असतील तर आठवड्यातून एकदोनदा धुतले तरी पुरते.

कंडिशनर खरोखर काही करतो की केवळ मऊपणाचा भास निर्माण करतो?

या पानावरील सर्व उपायांत मी कंडिशनरला पहिले स्थान देईन. त्यातील सिट्रिमोनियम किंवा बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखी द्रव्ये धनभारित असतात. केस ऋणभारित असल्याने ती त्याला चिकटतात. विशेष म्हणजे ब्लीचने इजा झालेल्या जागी सल्फरचे बंध तुटून सिस्टेइक आम्ल तयार झालेले असते आणि तेथील ऋणभार अधिक असतो. म्हणून कंडिशनर जिथे जास्त गरज आहे तिथेच जास्त बसतो. त्याच्यासोबतचे मेदयुक्त अल्कोहोल, उदाहरणार्थ सिटिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल, हे केस कोरडे करत नाहीत. ते गुळगुळीतपणा देणारे मऊ मेदपदार्थ आहेत, तेव्हा घटकांच्या यादीत अल्कोहोल हा शब्द दिसला म्हणून बाटली परत ठेवण्याचे कारण नाही.

वापरण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. शाम्पूनंतर केसांतील पाणी हाताने निथळून घ्यावे, कंडिशनर कानांच्या पातळीपासून खाली टोकांपर्यंत लावावा, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी तो सर्वत्र पसरवावा, दोनतीन मिनिटे थांबावे आणि मग धुवावे. अशा वेळी गुंता सोडवला तर तो कोरड्या किंवा नुसत्या ओल्या केसांपेक्षा कितीतरी कमी तुटीने सुटतो. दाट मास्क आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही, मात्र रात्रभर ठेवल्याने त्याचा परिणाम अनेक पटींनी वाढत नाही.

सिलिकॉन केसांना घातक आहे का?

नाही. सिलिकॉनमुळे केसांचा श्वास कोंडतो असे सांगितले जाते, पण केसाचा दांडा श्वास घेतच नाही. डायमेथिकोन पापुद्र्यांवर अतिशय पातळ थर देतो, त्यामुळे प्रकाश नीट परततो आणि घर्षण कमी होते. अमोडायमेथिकोन इजा झालेल्या भागांना अधिक पसंतीने चिकटतो. फार बारीक आणि विरळ केस सिलिकॉनने लोळलेले दिसू शकतात. तेवढ्यासाठी प्रमाण कमी ठेवावे आणि अधूनमधून क्लॅरिफाइंग शाम्पू वापरावा.

तेल लावल्याने चमक येते का?

येते, पण सर्व तेले सारखे काम करत नाहीत. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, आणि धुण्यापूर्वी लावल्यास केसातून होणारी प्रथिनांची घट कमी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. त्याच प्रयोगांत खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांचा असा परिणाम दिसला नाही. ती पृष्ठभागावर राहून वंगण देतात, आणि तेही काही कमी मोलाचे नाही. कोरड्या केसांच्या टोकांना तळहातावर पसरलेले तेलाचे एकदोन थेंब पुरतात.

ज्यांना कोंडा किंवा सेबोरिक डर्मटायटिस (टाळूवर लाली आणि तेलकट खवले येण्याचा विकार) आहे त्यांनी टाळूवर तेल ठेवू नये. त्या त्रासाशी संबंधित मॅलेसेझिया ही बुरशी मेदावरच वाढते. अशांनी तेल केवळ केसांच्या लांबीला लावावे.

‘बाँड’ जोडणारी उत्पादने आणि प्रथिनांचे मास्क यांवर पैसे खर्च करावेत का?

केस ब्लीच केलेले किंवा वारंवार रासायनिक प्रक्रिया झालेले असतील, तर बाँड जोडणाऱ्या उत्पादनांचा विचार करण्यासारखा आहे. केसाच्या आतील तुटलेल्या बंधांच्या जागी नवे दुवे तयार करणे हा त्यांचा उद्देश असतो आणि ब्लीचच्या मिश्रणातच किंवा त्यानंतर लगेच वापरल्यास त्यांचा लाभ अधिक होतो. ज्यांचे केस केवळ कोरडे आहेत, त्यांना त्यांची गरज नाही.

प्रथिनांच्या बाबतीत रेणूचा आकार निर्णायक ठरतो. हायड्रोलाइझ्ड, म्हणजे लहान तुकड्यांत विघटित केलेले केराटिन किंवा गव्हाचे प्रथिन केसाला चिकटते आणि काही अंशी आतही जाते. त्याचा अतिरेक झाला तर केस ताठर आणि ठिसूळ लागू लागतात. तसे झाल्यास काही आठवडे साध्या कंडिशनरवर यावे.

अंडे, लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांचा काही उपयोग होतो का?

कच्च्या अंड्यातील प्रथिनांचे रेणू केसात शिरण्यासाठी फारच मोठे असतात. बलकातील मेदामुळे थोडा मऊपणा येतो, त्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. खूप पातळ केलेले व्हिनेगर, साधारण एक कप पाण्यात एक चमचा, शेवटच्या पाण्यासारखे वापरल्यास अल्कधर्मी शाम्पूनंतर केस गुळगुळीत वाटतात, परंतु चांगला कंडिशनर तेच काम अधिक नीट करतो. लिंबाचा रस सुमारे २ पीएचचा, म्हणजे तीव्र आम्लधर्मी असतो. तो टाळूला झोंबतो आणि त्वचेवर राहून ऊन लागल्यास तेथे डाग व फोडही येऊ शकतात. खाण्याचा सोडा तर पूर्णपणे टाळावा. तो अल्कधर्मी आणि खरखरीत असल्याने आधीच उचललेले पापुद्रे आणखी झिजवतो. पहिल्या धुण्यानंतर वाटणारी स्वच्छता साचलेला थर निघाल्याची असते, आणि त्यासाठी अधिक सौम्य मार्ग उपलब्ध आहेत.

ड्रायर आणि स्ट्रेटनर कायमचे सोडावे लागतील का?

तसे नाही, पण दोघांना एकाच मापाने मोजू नये. ड्रायरचे नुकसान अंतरावर अवलंबून असते. एका प्रयोगात सुमारे १५ सेंटीमीटरवरून केसाला लागणारे तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि ५ सेंटीमीटरवर ते ९५ अंशांपर्यंत गेले. त्याच प्रयोगात एक अनपेक्षित गोष्टही आढळली. ड्रायरमुळे पृष्ठभागाची झीज झाली खरी, परंतु आपोआप वाळू दिलेल्या केसात पापुद्र्यांना जोडणाऱ्या आतील थराला इजा झालेली दिसली, बहुधा केस फार वेळ पाण्याने फुगलेला राहिल्यामुळे. तेव्हा केस मऊ कापडाने दाबून टिपावेत, थोडा वेळ हवेवर ठेवावेत, आणि मग सुमारे १५ सेंटीमीटर अंतरावरून, ड्रायर सतत हलवत, मध्यम तापमानावर वाळवावेत. तासन्‌तास ओले केस बांधून ठेवण्यापेक्षा हे बरे.

स्ट्रेटनरची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे तापलेली पट्टी केसाला थेट भिडते. ओल्या केसावर ती फिरवली की आतील पाण्याची एकदम वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात. त्या जागी केस हमखास तुटतो. चर्र असा आवाज आला किंवा वाफ दिसली तर लगेच थांबावे. बारीक किंवा रंगवलेल्या केसांसाठी १५० अंशांच्या आसपास राहावे, जाड केसांसाठीही १८० अंशांच्या फार वर जाऊ नये, एका बटेवरून पट्टी एकदाच सावकाश फिरवावी आणि त्याआधी हीट प्रोटेक्टंट लावावे. हीट प्रोटेक्टंट उष्णता अडवत नाही, ती केसापर्यंत जरा सावकाश आणि समप्रमाणात पोहोचवतो. त्याच्या भरवशावर २३० अंशांचे बटण दाबू नये.

केस खराब असताना रंग द्यावा का?

मूळ रंगापेक्षा फिकट रंग हवा असेल तर ब्लीच लागते, आणि ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइड व पर्सल्फेट रंगद्रव्याबरोबर केसाच्या प्रथिनांवरही हल्ला करतात. केस ओले असताना तुटत असतील, तर हा बेत काही महिने पुढे ढकलावा. मूळ रंगाच्या जवळचा किंवा त्याहून गडद, अमोनियाविरहित आणि केवळ पृष्ठभागावर बसणारा रंग कमी त्रासदायक असतो, आणि गडद केसांवर चमक अधिक उठून दिसत असल्याने त्याचा लाभही होतो. मुळे रंगवताना जुना रंगवलेला भाग पुन्हा पुन्हा रंगात बुडवू नये. पीपीडी (पॅराफिनिलीनडायमिन हे केसांच्या अनेक रंगांतील रसायन) असलेल्या रंगांची ॲलर्जी तीव्र असू शकते, म्हणून वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे ४८ तास आधी त्वचेवर चाचणी घ्यावी, आधी तोच रंग वापरला असला तरीही.

केराटिन ट्रीटमेंट किंवा स्मूदनिंग सुरक्षित आहे का?

चमक लवकर हवी म्हणून अनेकजण याकडे वळतात, आणि येथे मला सावधगिरीचा इशारा स्पष्टपणे द्यावासा वाटतो. अशा अनेक उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड, किंवा तापवल्यावर ते मुक्त करणारे मिथिलीन ग्लायकॉल असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडचे वर्गीकरण मानवासाठी कर्करोगकारक असे केले आहे. डोळे चुरचुरणे, घसा आवळणे आणि खोकला ही त्याच्या वाफेची लगेच जाणवणारी लक्षणे आहेत, आणि ती ग्राहकापेक्षा रोज हे काम करणाऱ्या कारागिरांना अधिक भोगावी लागतात. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइडविरहित’ असे लिहिलेले असले, तरी घटकांची पूर्ण यादी मागून पाहावी, आणि ती दाखवायला कोणी तयार नसेल तर तेथे ही प्रक्रिया करून घेऊ नये.

केसांना फुटलेले फाटे जोडता येतात का?

सिरमने ते पुढील धुण्यापर्यंत चिकटून राहतात, इतकेच. फाटा वर चढत जाण्याआधी ते टोक कापणे हाच खरा उपाय आहे. कापल्याने केस वेगाने वाढत नाहीत, कारण वाढ मुळाशी होते, पण तुटणे कमी झाल्याने लांबी टिकते.

ऊन आणि तरणतलाव यांपासून केस कसे जपावेत?

अतिनील किरणे रंगद्रव्य आणि प्रथिने दोन्हींची हानी करतात. त्यावर टोपी किंवा ओढणी हा कोणत्याही स्प्रेपेक्षा खात्रीचा उपाय आहे. पोहण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून त्यांवर थोडा कंडिशनर लावावा, कारण आधीच भिजलेला केस तलावाचे पाणी कमी शोषतो. फिकट केसांना येणारी हिरवट छटा पाण्यातील तांब्यामुळे येते, आणि ती काढण्यासाठी वर सांगितलेला कीलेटिंग शाम्पूच लागतो.

कुरळे केस सरळ केसांइतके चमकत का नाहीत?

वळणांमुळे प्रकाश एका दिशेने परतू शकत नाही. याचा अर्थ ते खराब आहेत असा नव्हे. टाळूतील नैसर्गिक तेल टोकांपर्यंत पोहोचायलाही वळणे आड येतात, म्हणून अशा केसांना न धुता ठेवायचा लीव्ह-इन कंडिशनर आणि थोडे तेल अधिक मानवते. ते कोरडे असताना विंचरू नयेत. सरळ केसांची चमक हे त्यांचे उद्दिष्ट ठेवले की माणूस शेवटी स्ट्रेटनरकडे वळतो, आणि मग खरेच नुकसान सुरू होते.

बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

बायोटिनची कमतरता दुर्मीळ आहे आणि ती नसताना गोळ्यांनी केस चमकदार होतात याला भक्कम आधार नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या निदानासाठीची ट्रोपोनिन यांसारख्या रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात. गोळ्या घेत असाल तर चाचणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. लोह किंवा प्रथिने अपुरी पडत असतील तर नव्याने येणाऱ्या केसावर परिणाम होतो, पण आधीच वाढलेला केस आहाराने बदलत नाही.

फरक दिसायला किती काळ लागतो?

साचलेला थर हे कारण असेल तर एका धुण्यात फरक दिसतो. कंडिशनर आणि सौम्य हाताळणी यांनी मऊपणा काही धुण्यांतच जाणवतो. खराब भाग पूर्णपणे जाऊन त्याच्या जागी नवा केस येण्याचा हिशेब मात्र लांबीवर ठरतो. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला साधारण १५ सेंटीमीटर वाढतो. ४५ सेंटीमीटर लांब केसाचे टोक जवळजवळ तीन वर्षांपूर्वीचे असते आणि त्या काळातील प्रत्येक धुणे, विंचरणे आणि तापवणे त्याने सोसलेले असते. खांद्यापर्यंतच्या केसांसाठी दोन वर्षांचा काळ धरावा आणि दर दोनतीन महिन्यांनी टोके थोडी थोडी कापत राहावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बाहेरून काहीही कारण घडलेले नसताना केसांचा पोत बदलून ते कोरडे आणि जाडसर झाले, आणि त्याबरोबर थकवा, वजनवाढ किंवा थंडी सहन न होणे असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. आजारपण, बाळंतपण किंवा मोठा ताण यांनंतर दोनतीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळणे बहुधा तात्पुरते असते, पण ते सहा महिन्यांहून अधिक चालले तर तपासणी हवी. टाळूवर गोल चट्टे पडणे, खपल्या धरणे, वेदना किंवा पू होणे, तसेच केसांची मुळेच नाहीशी होऊन त्वचा गुळगुळीत दिसू लागणे ही लक्षणे असतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. काही विकारांत मूळ कायमचे नष्ट होते, आणि उपचार लवकर सुरू झाले तरच उरलेले केस वाचतात. जाताना वापरात असलेल्या सर्व उत्पादनांची आणि गेल्या वर्षभरात केलेल्या रासायनिक प्रक्रियांची यादी सोबत न्यावी, आणि त्या दिवशी केसांना तेल किंवा सिरम लावू नये, म्हणजे टाळू आणि केस दोन्ही नीट तपासता येतात.